वस्तऱ्याने दाढी शिकताना: गोव्यातल्या नवशिक्यासाठी पहिले तीन महिने

आमच्या डिचोलीच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत, जुन्या पंचांगांच्या खाली, मला आजोबांचा वस्तरा सापडला. मलमलीच्या चिंधीत गुंडाळलेला, पाते काळवंडलेले, पण धारेला कुठे खाच नव्हती. हर्षाच्या भरात मी तो बाजारात सुऱ्या-कोयत्यांना धार लावून देणाऱ्याकडे नेला. त्याने तो फिरत्या चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या, टोकाकडचे पोलाद निळे पडले आणि पात्याची पाठ एका बाजूने खाल्ली गेली. तो वस्तरा आजही कपाटात आहे, पण त्याने आता दाढी होणार नाही.

वस्तऱ्याला जाड पाठ कशासाठी असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर आजोबांची एवढीच राहिलेली वस्तू हातची गेली नसती. पुढे गावातल्या सलूनमधल्या एका वयस्क काकांनी मला अक्षरशः हात धरून शिकवले. (आमच्याकडे कोकणीत न्हाव्याला म्हालो म्हणतात, त्यांच्या धोकटीत अजून दोन खरे वस्तरे आहेत.) पूर्ण चेहऱ्याची दाढी न कापता जमायला मला तीन महिने लागले. तुम्हाला कदाचित दोन लागतील, कदाचित चार. पण ज्या गोष्टी मला नुकसान सोसून कळल्या, त्या तुम्हाला आधीच कळाव्यात म्हणून क्रमाने लिहितो.

१. आधी कोणता वस्तरा ते ठरवा

बाजारात वस्तरा म्हणून दोन वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिला ब्लेड घालायचा वस्तरा. सलूनमध्ये हाच दिसतो. साध्या दोनधारी ब्लेडचे मधोमध दोन तुकडे करायचे आणि अर्धे पाते त्यात बसवायचे. गिऱ्हाईक बदलले की ब्लेड बदलायचे. रक्तातून पसरणारे रोग, म्हणजे एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, टाळायला सलूनसाठी हेच योग्य आहे. तो स्वस्त असतो, काही शे रुपयांत मिळतो.

दुसरा खरा वस्तरा. अखंड पोलादी पाते, मुठीत मिटणारे, दगडावर आणि चामड्यावर धार राखायचे. जर्मनीतले सोलिंगेन, इंग्लंडमधले शेफील्ड आणि फ्रान्समधले तिएर ही ह्या कामासाठी नावाजलेली गावे. सोलिंगेनचा नवा चांगला वस्तरा साधारण दहा हजार रुपयांच्या पुढेच जातो.

इथे पहिला सापळा आहे. स्वस्त म्हणून नवशिका ब्लेडचा वस्तरा आणतो, पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी कापून घेतो आणि नाद सोडतो. खरे म्हणजे दोन्हींत ब्लेडचा वस्तरा जास्त कडक. तो हलका असतो, त्याच्या ब्लेडचे कोपरे टोकदार असतात आणि कारखान्यातल्या ब्लेडची धार चूक अजिबात माफ करत नाही. खऱ्या वस्तऱ्याला वजन असते, टोक गोल मिळते, आणि चामड्यावर ओढलेली धार कातडीला मऊ लागते. तरीही ब्लेडचा वस्तरा जरूर घ्या. तो ब्लेड न घालता वापरायचा आहे. का, ते पुढे सांगतो.

खरा वस्तरा घेताना एवढे पाहा. रुंदी पाच किंवा सहा अष्टमांश इंच, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत सुमारे १६ ते १९ मिलिमीटर. त्याहून रुंद पाते नाकाखाली अडते, अरुंद पाते हातात चंचल वाटते. टोक गोल असावे. चौकोनी टोक कल्ले रेखायला छान, पण कानाच्या पाळीला आणि नाकपुडीला नवशिक्याकडून हमखास लागते. पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोल घासलेल्या असतात. मध्यम खोल घासलेले पाते सुरुवातीला बरे, कारण अगदी पातळ पाते ताठर खुंटांवर लवते.

पोलादाचा निर्णय गोव्यात नीट विचार करून घ्या. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण ते गंजते. स्टेनलेस सावकाश गंजते, त्याला धार लावायला वेळ लागतो. तुमचे घर हरमल, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याच्या पट्ट्यात असेल तर माझे सरळ मत स्टेनलेसच्या बाजूने आहे. खारा वारा एका रात्रीत ठिपके उठवतो. डिचोली, वाळपई, फोंडा भागात कार्बन पोलाद सांभाळता येते, फक्त कंटाळा करून चालत नाही.

आणि दोनशे-पाचशे रुपयांना मिळणारा चकचकीत, नक्षीदार मुठीचा ‘खरा’ वस्तरा घेऊ नका. तो आकाराने वस्तरा असतो एवढेच. त्याचे पोलाद धार धरत नाही आणि पाते बहुधा सरळही नसते.

२. घरात जुना वस्तरा सापडला असेल तर

गोव्यातल्या जुन्या घरांत अजून वस्तरे सापडतात. पोर्तुगीजमध्ये दाढीच्या वस्तऱ्याला ‘नवाल्या दे बार्बा’ म्हणतात. जुन्या खोक्यावर हे शब्द दिसले तर आत काय आहे ते ओळखा. पाते मुठीपाशी निमुळते होते तिथे बहुधा गावाचे किंवा कारखान्याचे नाव कोरलेले असते. ते भिंगातून वाचा.

मग पाते उजेडात धरून पाहा. काळे-करडे डाग असले तर घाबरू नका, जुन्या पोलादावर ते येतातच. पण धारेच्या अगदी कडेला गंजाची खड्डेदार रांग असेल, धारेपासून वर जाणारी केसाएवढी चीर असेल, किंवा सपाट काचेवर ठेवल्यावर पाते डुलत असेल, तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा. चीर गेलेले पाते गालावर तुटू शकते.

पात्याचा वरवरचा मळ पितळ चकचकीत करायच्या पेस्टने निघतो. पुसताना हात पाठीकडून धारेकडे न्या, धारेच्या लांबीने कधीही नको. शेवटी स्पिरिटने पाते आणि मुठीची खाच पुसून काढा. कोणाच्या का असेना, दुसऱ्याच्या दाढीचा वस्तरा आहे.

आता माझी चूक. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो, हाताने धरावा लागत नाही. पाठ एका बाजूने खाल्ली गेली की कोन बिघडतो. वर फिरत्या चाकाच्या घर्षणाने पातळ कड तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि ते मऊ पडते. निळा रंग त्याचीच खूण. म्हणून वस्तरा चाकावर धार लावणाऱ्याकडे कधीही, कितीही ओळखीचा असला तरी, देऊ नका.

जुना वस्तरा विकत घेत असाल तर आणखी एक: हस्तिदंती मुठीचा घेऊ नका. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे बेकायदा आहे. शिंग, लाकूड, प्लास्टिक चालेल.

३. सामान

- खरा वस्तरा, दाढीला तयार अशी धार लावून घेतलेला
- ब्लेड घालायचा वस्तरा, सरावासाठी
- टांगायचा पट्टा: एक बाजू कॅनव्हासची, एक चामड्याची, अडीच-तीन इंच रुंद
- दाढीचा ब्रश आणि वडीचा किंवा ट्यूबमधला साबण. डब्यातून फुसकन येणारा तयार फेस नको, तो केस भिजवत नाही
- तुरटीचा मोठा खडा
- शिवणयंत्राचे तेल, छोटी बाटली
- दोन सुती फडकी, त्यांतले एक कायम कोरडे
- औषधांच्या बाटल्यांत किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या
- तुमचा नेहमीचा रेझर (हो, तोही लागणार आहे)

कारखान्यातून आलेला नवा वस्तरा धारदार असेलच असे नाही. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा की शेवटची धार हाताने दगडावर लावली आहे का. घरी आल्यावर मनगटावरचे केस पाहा: कातडीपासून अर्धा सेंटिमीटर वर पाते नेले तरी केस कापले गेले, तर धार आहे. धारेवर अंगठा फिरवून पाहू नका. अंगठा कापतो आणि धारही मोडते. बोथट वस्तऱ्याने शिकायला बसणे हा दुसरा मोठा सापळा आहे. बोथट पात्याला आपण नकळत जोर देतो, आणि खोल जखमा जोरानेच होतात.

४. वस्तऱ्याआधी पट्टा शिका

पट्टा धार ‘लावत’ नाही. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड वाकते; ती चामड्यावर सरळ होते. हे प्रत्येक दाढीआधी करायचे.

पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा आणि दुसरे टोक ताणून धरा, झोळ पडू देऊ नका. पट्टा सैल राहिला तर धार गोल होते. वस्तरा आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. आता पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने वस्तरा ओढा. टोकाला पोहोचला की थांबा, पाते पाठीवर पालटा आणि परत या. पालटताना धार वर उचलली जायला हवी, पाठ चामडे सोडणार नाही. धारेवरून पालटलात तर चामड्यात चीर गेलीच म्हणून समजा. पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल तर ओढताना वस्तरा थोडा तिरका सरकवत न्या, म्हणजे टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सगळी धार लागते.

सुरुवातीला कॅनव्हासवर २० फेऱ्या, चामड्यावर ४० ते ५० फेऱ्या. वजन फक्त वस्तऱ्याचे. सिनेमात दाखवतात तसे सपासप हात मारण्यात काही नाही. काकांनी मला एका फेरीला तीन अंक मोजायला लावले होते, आणि त्या वेगाने महिनाभर केल्यावर वेग आपोआप आला.

पहिला पट्टा स्वस्त घ्या. त्याला दोन-तीन चिरा पडतीलच. महागाचा पट्टा तिसऱ्या महिन्यात आणा.

पावसाळ्यात पट्ट्याला बुरशी येते. तो बंद कपाटात ठेवू नका, वारा लागेल अशा भिंतीला टांगा आणि चार-पाच दिवसांनी कोरड्या तळहाताने घासा. तळहाताची ऊब आणि किंचित स्निग्धपणा चामड्याला पुरतो. खोबरेल चोपडू नका, चामडे चिकट होते.

५. रिकाम्या वस्तऱ्यावर हात बसवा

आता तो ब्लेडचा वस्तरा काढा. ब्लेड घालू नका. चेहऱ्यावर फेस लावा आणि आठवडाभर रोज ह्या रिकाम्या वस्तऱ्याने फेस उतरवा. मला हे पोरकट वाटले होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की डाव्या गालावर जाताना माझा कोपर आरशाला आडवा येतो आणि मला काहीच दिसत नाही. असे प्रश्न धार नसताना सुटलेले बरे.

पकड अशी: मूठ उलटी वर उघडा. पात्याच्या मानेखाली, म्हणजे पाते मुठीपाशी निमुळते होते तिथे, अंगठा, वरून तीन बोटे, आणि करंगळी शेपटीच्या, म्हणजे खिळ्यामागे बाहेर आलेल्या टोकाच्या, वाकावर टेकवलेली. पकड लेखणीसारखी, हातोड्यासारखी नको.

कोन: पाते गालावर सपाट ठेवा, मग पाठ कातडीपासून एक-दोन पाठींच्या जाडीएवढी उचला. सुमारे ३० अंश होतात. त्याहून उभे धरले तर धार कातडी खरवडते, फार झोपवले तर केस ओढले जातात. सेफ्टी रेझरमध्ये हा कोन कारखान्यातच ठरलेला असतो. १९०४ साली किंग कॅम्प जिलेट यांना ब्लेड बदलता येणाऱ्या सेफ्टी रेझरचे अमेरिकी पेटंट मिळाले, तेव्हापासून सामान्य माणसाच्या मनगटाला हे काम उरलेच नाही. तुम्ही ते मनगटाला परत शिकवत आहात.

दोन्ही हातांनी सराव करा. उजवा गाल उजव्या हाताने, डावा गाल डाव्याने. डाव्या हाताने पहिले पाच-सहा दिवस अगदी अवघड जाते, मग अचानक जमते. ज्यांना नाहीच जमत त्यांनी उजवा हात चेहऱ्यासमोरून आडवा न्यावा, पण आरसा मग थोडा बाजूला हलवावा लागतो.

६. केस कुठल्या दिशेने वाढतात ते पाहा

दोन दिवसांची दाढी असताना बोटे चेहऱ्यावर फिरवा. गुळगुळीत लागते ती सुलटी दिशा, टोचते ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस वरून खाली असतात. मानेवर काहीही असू शकते; माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस चक्क आडवे, कानाकडे जातात. एका कागदावर चेहरा काढा आणि बाण मारून ठेवा. पहिले दोन महिने फक्त सुलटी दाढी. सलूनमध्ये ‘उलटी मारू का?’ विचारतात ती उलटी, वस्तऱ्याने घरी, नवशिक्याने, नाही.

७. भिजवणे

आंघोळीनंतरच बसा. कोमट पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटे भिजू द्या, मग ब्रशने गोल गोल फिरवत फेस आणा. फेस दह्यासारखा दाट पण ओला हवा. कोरडा, कापसासारखा फुगलेला फेस वस्तरा अडवतो. पंखा बंद ठेवा, नाहीतर डावा गाल होईपर्यंत उजव्यावरचा फेस सुकतो. एप्रिल-मेमध्ये आंघोळ करून बाहेर येताच घाम फुटतो आणि ताणलेली कातडी बोटांतून निसटते, म्हणून त्या दिवसांत पहाटेच दाढी उरका.

८. पहिले दोन आठवडे: फक्त गाल

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक नेमका हाच गाळतात. पहिल्या दिवशी फक्त गालाचा सपाट भाग वस्तऱ्याने करा. कल्ल्यापासून जबड्याच्या हाडापर्यंत, तेवढाच. बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने. दोन आठवडे असेच.

बेसिनमध्ये जाड टॉवेल घडी करून ठेवा. वस्तरा हातातून निसटला तर त्याला पकडायला हात नेऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. पाते तुटले तर पैसे जातील, झेललेत तर बोटाची नस जाईल. न्हाणीला आतून कडी लावा. लहान मूल मागून येऊन पायाला मिठी मारते, ते प्रेमानेच, पण त्या क्षणी नको.

आता दुसऱ्या हाताचे काम. काका मला वस्तऱ्याबद्दल थोडेच बोलले, कातडी धरणाऱ्या हाताबद्दल रोज बोलले. सैल कातडी पात्यापुढे लाटेसारखी उठते आणि त्या लाटेवर कापते. कातडी ढोलकीच्या पुडीसारखी ताणलेली हवी. उजव्या गालासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्या, कानापुढे बोटे टेकवा आणि कातडी वर ओढा. बोटे कोरडी हवीत. घसरत असतील तर ओल्या तुरटीवर बोटांची टोके घासून पुसा, पकड घट्ट बसते. इतकी साधी युक्ती, पण माझ्या निम्म्या कापाकापीवर हाच उपाय ठरला.

मग पाते टेकवा आणि दोन-तीन सेंटिमीटरचे लहान हात मारा. जोर शून्य. खरखर असा बारीक आवाज येतो, तो ऐका. आवाज बंद पडला म्हणजे कोन बदलला. एक नियम कधी मोडू नका: पाते धारेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे भाजी चिरताना सुरी सरकवतो तसे, कातडीवर सरकू देऊ नका. दाढीतल्या वाईट जखमा बहुतेक अशाच होतात. पाते टेकवल्यावर फोन वाजला, कोणी हाक मारली, तर आधी पाते कातडीवरून उचला, मग मान वळवा.

मुरुमे, तीळ, चामखीळ यांच्यावरून जाऊ नका, बाजूने जा.

९. मग जबडा, मान, ओठ आणि शेवटी हनुवटी

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जबड्याखाली उतरा. जबड्याच्या कडेवर पाते वळवायचे नसते. कडेखालची कातडी वर गालावर ओढून घ्या आणि सपाट जागी आणून कापा. चेहऱ्यावर जिथे वळण आहे तिथे पाते वाकवण्याऐवजी कातडी सपाटीवर आणा.

मानेसाठी हनुवटी वर करा आणि कातडी गळ्याच्या हाडाकडे खाली ओढा. गळ्याच्या घाटीवर सरळ जाऊ नका. कातडी बोटाने एका बाजूला सरकवा, तो भाग करा, मग दुसऱ्या बाजूला. आवंढा गिळून तसाच धरला तरी घाटी थोडी सपाट होते.

वरच्या ओठासाठी ओठ दातांवर खाली ताणा, नाकाचा शेंडा हलकाच वर धरा, आणि अर्धा-एक सेंटिमीटरचे हात मारा. मिशी ठेवत असाल तर हा भाग तुमच्यासाठी सोपा आहे, फक्त कडा रेखायच्या.

हनुवटी सगळ्यांत शेवटी, दुसऱ्या महिन्यानंतर. इथले केस सर्वांत राठ, कातडी सर्वांत सैल आणि वळण सर्वांत तीव्र. खालचा ओठ आत ओढून दातांवर घ्या, हनुवटी ताठ होते. पुन्हा फेस लावा. एका दमात नाही झाली तरी चालेल, राहिलेले खुंट रेझरने काढा. मी अडीच महिने हनुवटी रेझरनेच करत होतो.

चवथीच्या आदल्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, मुलाखतीआधी नवा टप्पा सुरू करू नका. त्या दिवशी घाई असते.

१०. कापले तर

दाढी झाल्यावर गार पाण्याने चेहरा धुवा आणि ओली तुरटी सगळीकडे फिरवा. बारीक रक्ताचे ठिपके लगेच थांबतात. तुरटी जिथे झोंबते तिथे तुम्ही जोर दिला होता किंवा कोन उभा झाला होता. रोज कुठे झोंबते ते लक्षात ठेवा. तुमची चूक कुठे आहे हे त्याहून स्पष्ट कोणी सांगणार नाही. अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका.

थोडी मोठी चीर असेल तर स्वच्छ फडके दाबून धरा, पाच-दहा मिनिटे, मध्ये उचलून न बघता. त्यानंतरही रक्त वाहत असेल किंवा जखमेच्या कडा उघडत असतील तर दवाखान्यात जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, किंवा कापल्यावर जाड वण उठत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरूच करू नका. आणि वस्तरा भाऊ, वडील, मित्र कोणाबरोबरही वाटून वापरू नका.

११. दाढीनंतरची पाच मिनिटे

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ह्या चार महिन्यांत वस्तरा वापरून नव्हे, तर नुसता ठेवून बोथट होतो. डोळ्यांना दिसणारा गंज उशिरा येतो. त्याआधी धारेची ती सूक्ष्म कड ओलीने खाल्ली जाते. पात्यावर एक ठिपका नाही, पण दाढी ओढते, असे झाले की कारण बहुधा हेच. माझा दुसरा वस्तरा पहिल्याच आषाढात असा गेला. धार परत लावून घ्यावी लागली.

म्हणून हे रोज करा. पाते वाहत्या पाण्याखाली धरा, धार नळाला लागू न देता. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटी पिण्याच्या पाण्याने धुवा, मिठाचा अंश राहू देऊ नका. कोरड्या फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसा. मग फडक्याची पातळ पट्टी करून खिळ्यापाशी, पाते मुठीत शिरते त्या खाचेत, ओढून घ्या. पाणी तिथे लपते आणि गंज तिथूनच सुरू होतो. कॅनव्हासवर दहा फेऱ्या मारा, राहिलेली ओल निघते. मुलांच्या हाताला न लागेल अशा उंच जागी तासभर उघडा ठेवा. नंतर कापसाच्या बोळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घेऊन पात्यावर हलका हात फिरवा. खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकटते. पुढच्या दाढीआधी तेल पुसून मगच पट्ट्यावर घ्या.

वस्तरा न्हाणीत ठेवू नका, कपाट असले तरी. चामड्याच्या पाकिटातही कायमचा ठेवू नका, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि डबा घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत. आमच्याकडे ती माळ्याखालची देवघराशेजारची खोली आहे. पुड्या महिन्याने बदला. पावसाळ्यात काही दिवस दाढी केली नाही तरी आठवड्यातून एकदा डबा उघडा, पाते पाहा, तेलाचा हात पुन्हा द्या.

१२. धार परत लावण्याची वेळ

पट्ट्यावर पूर्ण फेऱ्या मारूनही केस ओढले जाऊ लागले, तर धार उतरली. रोज दाढी करणाऱ्याला हे काही महिन्यांनी येते. लगेच दगडाकडे धावू नका. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, अर्ध्या मायक्रॉनची, वेगळ्या चामड्याच्या पट्टीवर लावून दहा-बारा फेऱ्या मारून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. ही पेस्ट रोजच्या पट्ट्यावर लावू नका, मग तो पट्टा रोजच्या कामाचा राहत नाही.

त्यानेही भागले नाही तर वस्तऱ्यांनाच धार लावणारा माणूस शोधा, कुरियरने पाठवावा लागला तरी चालेल. देण्याआधी तीन गोष्टी विचारा: यंत्राचे चाक वापरता की हाताने दगडावर? शेवटचा दगड किती ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा, आकडा मोठा तेवढा दगड बारीक)? परत देताना केसावर पाहून देता का? चाक म्हणाला तर उठून या. शेवटचा दगड आठ हजार ग्रिटच्या खालचा असेल तरी नको. बारा हजारांपर्यंत नेणारा मिळाला तर उत्तम.

स्वतः दगडावर शिकायचे असेल तर वर्षभर थांबा. एक हजार, चार किंवा पाच हजार, आठ हजार, बारा हजार असे दगड लागतात, आणि चांगली धार गालाला कशी लागते हे आधी माहीत असल्याशिवाय दगडावर काय चुकते ते कळत नाही.

१३. प्रवासात

दाबोळी असो वा मोपा, विमानात वस्तरा हातातल्या सामानात नेता येत नाही, तो जप्त होतो. काउंटरवर द्यायच्या बॅगेत ठेवा. पात्याला तेलाचा हात द्या, वस्तरा मिटून मुठीवर दोन रबरबँड चढवा, फडक्यात गुंडाळून कडक डब्यात घाला, म्हणजे बॅग तपासणाऱ्याच्या हातालाही लागणार नाही. चार दिवसांपेक्षा कमी जात असाल तर वस्तरा घरीच ठेवा आणि साधा रेझर न्या. निघण्याआधी डब्यातल्या पुड्या मात्र बदलून जा.